कळलं गं खोटं तुझं : वायेनातोतला जाब

वायेनातो हे कोलंबियातलं लोकसंगीत पहिल्यांदा कानावर पडलं की कोल्हापूरच्या माणसाला वाटतं वरात निघालीय. अकॉर्डियनचे सूर उड्या मारत येतात, खाली एक छोटा ढोल हातानं बडवला जात असतो आणि काहीतरी घासल्याची खरखर अखंड चालू असते. बेंजो पार्टीवर वाढलेले आपले पाय आपोआप ताल धरतात. मग शब्दांचा अर्थ हाती लागतो आणि कळतं की हा गडी नाचायला बोलवत नाहीये. तो प्रेयसीला तोंडावर सांगतोय, की तुझा खोटेपणा मी ओळखलाय.

इथं बहुतेकांची गडबड होते. कोणी चालीवर जातात आणि गाणं मजेचं समजतात, कोणी शब्दांवर जातात आणि त्याला रडगाणं म्हणतात. माझ्या मते दोन्ही वाचनं चुकतात. प्रेमातली फसवणूक ओळखल्यावरचं वायेनातो म्हणजे जाब विचारणं असतं, तेही चारचौघांत, पुरावा मांडून. हे एकदा ध्यानात आलं की चाल आणि शब्द एकमेकांशी भांडत नाहीत. जाब विचारणारा माणूस मुळूमुळू रडत विचारत नाही.

हे संगीत कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्याकडचं. वायेदुपार हे त्याचं मुख्य शहर, आणि सेसार, ला ग्वाहिरा, माग्दालेना हा त्याचा मुलूख. जुन्या पद्धतीत वाद्यं तीनच. काखा म्हणजे गुडघ्यांत धरून हातानं वाजवायचा एकतोंडी ढोल. ग्वाचाराका म्हणजे खाचा पाडलेली वेतासारखी नळी, ती तारेच्या काट्यानं घासायची. आणि तिसरा जर्मनीहून आलेला बटणांचा अकॉर्डियन. १९६८ पासून वायेदुपारला या संगीताचा महोत्सव भरतो आणि त्यात अकॉर्डियनवाल्यांमधून 'राजा' निवडतात. पहिल्या वर्षी तो मान आलेहो दुरानला मिळाला. २०१५ मध्ये युनेस्कोनं पारंपरिक वायेनातोला तातडीनं जपायला हव्यात अशा वारशांच्या यादीत घेतलं.

अर्थाच्या दृष्टीनं यातली एकच गोष्ट पक्की धरून ठेवायची. गुरं हाकणारे, शेतात राबणारे गायक गावोगाव फिरायचे आणि एका गावची खबर दुसऱ्या गावात गाण्यातून पोचवायचे. म्हणून या गाण्याचा मूळ स्वभाव निवेदनाचा आहे : कोण, कुठं, काय घडलं, मला कसं कळलं. राफाएल एस्कालोना हा तिथला मोठा गीतकार. त्याचं बादियो गावावरचं एक गाणं प्रसिद्ध आहे. तिथल्या चर्चमधली मौल्यवान पूजावस्तू गायब झाली आणि तिच्या जागी दुसरीच आली, असा सरळ आरोप त्या गाण्यात केलाय. गाण्यातून फिर्याद दाखल करायची ही सवय प्रेमगीतातही उतरली.

दुसरी सवय पिकेरियाची. दोन गायक समोरासमोर उभे राहतात आणि जागच्या जागी ओळी रचून एकमेकांना निरुत्तर करतात. कलगी-तुरा आणि सवाल-जवाब ऐकलेल्या कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला नको. तिकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे एमिलिआनो सुलेतानं लोरेन्सो मोरालेसवर केलेलं 'ला गोता फ्रिआ'. १९९३ मध्ये कार्लोस व्हिव्हेसनं ते पुन्हा गायलं आणि जगभर पोचलं. त्यात सुलेता म्हणतो की सामना व्हायच्या आतच गडी सकाळी सकाळी निघून गेला. त्यात प्रेम नाही, प्रेयसी नाही. पण फसवणुकीच्या प्रेमगीतातला सूर नेमका हाच असतो. तू सटकलास, आणि ते सगळ्यांनी ऐकावं म्हणून मी गातोय. फक्त समोरच्या शाहिराच्या जागी प्रेयसी येते.

आता पुराव्याकडं येऊ, कारण अर्थाची किल्ली तिथं आहे.

प्रियकराची लबाडी ओळखणारी नायिका आपल्याला नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या अष्टनायिकांमधली खंडिता तीच. तिच्याजवळचा पुरावा डोळ्यांनी दिसणारा असतो : रात्रभर जागून लाल झालेले डोळे, कपाळाला लागलेला दुसरीच्या पायाचा अळता, अंगावरच्या नखांच्या खुणा. प्रियकर पहाटे दारात येतो आणि काही बोलायच्या आत उघडा पडतो. लावणीतल्या बाईनं हा वारसा घेतला आणि त्याला रांगडी जीभ दिली. वायेनातोतल्या नायकाकडं मात्र अळता नसतो. त्याचा पुरावा बहुतेक वेळा ऐकीव असतो. कोणीतरी सांगितलं, गावात बोलतात, रस्त्यानं येताना कानावर आलं. खबरीच्या परंपरेतून आलेल्या गाण्यात दुसरं काय असणार!

म्हणून असं गाणं समोर आलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, की गाणाऱ्याला कळलं कसं? आपल्या दर्शनकारांची विभागणी इथं सरळ कामाला येते. त्यानं स्वतः पाहिलं असेल तर ते प्रत्यक्ष. तिच्या वागण्यातल्या बदलावरून ताडलं असेल तर अनुमान. लोकांच्या सांगण्यावर विसंबला असेल तर शब्द. प्रत्यक्ष असेल तर गाणं थंड आणि ठाम असतं, त्यात शपथांची वाटाघाट नसते. अनुमान असेल तर प्रश्न जास्त येतात : का उशीर झाला, नजर का चुकवतेस. आणि नुसता शब्द असेल तर गाण्यात एक फट राहते. सांगणारा खोटा असला तर? चांगला गीतकार ती फट बुजवत नाही. ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत शंका राहते की फसवलं नक्की कोणी, तिनं की गावानं. माझ्या लेखी या प्रकारातली उत्तम गाणी तीच.

ओळीओळीनं कसं वाचायचं ते दाखवण्यासाठी तिकडच्या भाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्ये, चार ओळी रचल्या आहेत. त्या कुठल्याही गाण्यातल्या नाहीत, पण साचा तिकडचा आहे.

या सुपे के मे मेंतिआस,
मे लो कोंतो एल मीस्मो रिओ,
नो मे हुरेस ओत्रो दिआ
के एसे क्वेंतो नो एस एल मिओ.

सरळ अर्थ असा : तू मला खोटं सांगत होतीस ते आता मला कळलं, खुद्द नदीनंच मला सांगितलं, पुन्हा कधी शपथा घेऊ नकोस, ती गोष्ट माझी नव्हे.

पहिल्या ओळीत दोन क्रियापदं आहेत आणि ती मुद्दाम वेगवेगळ्या काळांत आहेत. 'सुपे' म्हणजे कळलं, एका क्षणी, एकदाच. 'मेंतिआस' म्हणजे खोटं बोलत होतीस, सतत, कित्येक दिवस. फसवणूक ताणलेली आणि उलगडा झटक्यात, ही या गाण्यांची मूळ ठेवण आहे आणि ती अशी क्रियापदांतच बसलेली असते. मराठीत हा भेद फुकट मिळतो, कारण आपल्याकडं 'म्हणालीस' आणि 'म्हणायचीस' हे वेगळे आहेत. तो वाया घालवू नका. गाण्याचे शब्द लिहून काढले की क्रियापदांखाली दोन रंगांच्या रेघा मारा, घडून गेलेल्याला एक, चालू राहिलेल्याला दुसरा. कोणत्या कडव्यात रंग बदलतो ते बघा. बहुतेक वेळा गाण्याचा कणा तिथंच सापडतो.

याच जागी एक बारीक सापळा आहे. 'सुपे'ऐवजी 'साबिआ' असतं तर अर्थ झाला असता, मला माहीत होतं. म्हणजे गडी जाणूनबुजून गप्प बसला होता. मग तो फिर्यादी राहत नाही, अर्धा भागीदार होतो आणि जाबाची धार त्याच्यावरही उलटते. तसंच 'मे एंगान्यास्ते' म्हणजे तू मला फसवलंस, आणि 'मे एंगान्ये' म्हणजे मीच माझी फसगत करून घेतली. शेवटचा एवढासा आवाज ऐकायचा राहिला तर आरोपी बदलतो. भरभर गायलेल्या ओळीत तो सहज निसटतो, म्हणून ऐकून अर्थ लावण्यापेक्षा आधी शब्द लिहून घेतलेले बरे.

मीटर मोजायचं असेल तर प्रत्येक ओळीत आठ अवयव, म्हणजे एका झटक्यात उच्चारायचे तुकडे, आहेत. स्पॅनिशमध्ये शेजारी आलेले स्वर मिसळून एक धरतात, म्हणून दुसऱ्या ओळीतलं 'तो एल' एक आणि चौथ्या ओळीतलं 'के ए' एक, 'नो एस' एक. शेवटच्या अवयवावर जोर असेल तर मोजणीत एक वाढवून धरायचा; इथं तसं नाही. हे आठ म्हणजे आपल्याला घरचंच माप. अष्टाक्षरीत लघु-गुरू न बघता ओळीत आठ अक्षरं बसवतात, त्यामुळं मराठी रूप त्याच चालीवर गाता येतं :

कळलं गं खोटं तुझं,
नदी सांगून गेली गं;
नको घेऊस शपथा,
गोष्ट माझी नव्हती गं.

यात 'खुद्द' गेलं आणि 'नव्हे'चं 'नव्हती' झालं. 'कळलं' मात्र पहिल्या जागी ठेवलंय, कारण गाणं त्या शब्दावरच उभं आहे. 'गं'सुद्धा विचार करून घातलंय. मूळ ओळीत ऐकणारी बाई आहे की पुरुष, हे कळायला काही मार्ग नाही. स्पॅनिश क्रियापद लिंग दाखवत नाही, मराठीला 'होतीस' की 'होतास' ठरवल्याशिवाय पुढं जाता येत नाही. अशा वेळी गाण्यात इतरत्र विशेषण शोधायचं. शेवट 'आ'नं झाला तर बहुधा बाई, 'ओ'नं झाला तर पुरुष. पण ते विशेषण गाणाऱ्याचं आहे की ऐकणाराचं, हे बघून.

फोनवरचं भाषांतर करणारं यंत्र इथं हमखास आपटतं. ते बऱ्याचदा इंग्रजीवरून वळसा घालून येतं आणि प्रेयसीला 'तू खोटं बोललास' म्हणून मोकळं होतं. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या बोलीत शब्दांच्या मधला 'द' आणि शेवटचा 'स' गिळतात, 'पारा'चं 'पा' होतं, 'एंगान्यादो'चं 'एंगान्याओ'. असे शब्द कोशात सापडत नाहीत. गिळलेलं अक्षर परत घालून शोधावं लागतं. 'काचोस' म्हणजे शिंगं, पण कोलंबियात कोणी कोणाला शिंगं लावली म्हणजे जोडीदाराशी बेइमानी केली. यंत्र खरोखरच शिंगं उगवून दाखवतं. 'ते किएरो' म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे, यंत्र कधी कधी लिहितं की मला तू हवी आहेस. 'नेग्रा', 'मोरेना' ही लाडाची हाक असते, रंगावरून टोमणा नसतो. आणि किनाऱ्यावर जवळच्या माणसाला 'तू' म्हणायची रीत आहे. त्यामुळं गाण्याच्या मध्येच 'उस्तेद' आलं तर समजायचं की गाणाऱ्यानं नातं दूर ढकललं. मराठीत तिथं 'तुम्ही' करा. आपल्याकडं रागावलेलं माणूस एकदम अहो-जाहोवर येतं, ते ऐकणाऱ्याला लगेच पोचतं.

आणखी एक घोळ फार होतो. ध्वनिमुद्रणात गायक मध्येच दोस्तांची, पाहुण्यांची, कधी गावांची नावं पुकारतो. आपल्याकडं दौलतजादा झाल्यावर नाव पुकारतात, साधारण त्याच जातीचा प्रकार. शब्द उतरवून घेणारे ही नावं ओळींत मिसळून टाकतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की ज्याच्यासाठी तिनं दगा दिला तो हाच! नाव चालीत बसतंय का ते बघायचं. चालीबाहेर, अकॉर्डियनच्या तुकड्यावर ओरडलेलं असेल तर त्याचा गोष्टीशी संबंध नाही. 'आय ओम्बे' हा हुंकारही तसाच. त्याचं भाषांतर करायचं नाही, आहे तसा ठेवायचा.

आता चाल. वायेनातोचे चार प्रकार आहेत : पासेओ, सोन, मेरेंगे आणि पुया. महोत्सवात अकॉर्डियनवाल्याला चारही वाजवावे लागतात. फसवणुकीची गाणी जास्त करून पासेओत भेटतात, कारण त्याची चार मात्रांची चाल बोलण्याच्या जवळची आहे. आपला केहरवा त्याला चालतो. मेरेंगे सहाच्या चालीत, दादऱ्याच्या अंगानं. डॉमिनिकन मेरेंगेशी त्याचा घोळ घालू नये. पुया त्याहून पळती. सोन संथ आणि अकॉर्डियनच्या डाव्या हाताच्या खर्जावर उभा, त्यात जाब विचारला तर तो जड होतो आणि चांगला लागतो.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांच्यासाठी थोडं जास्त सांगतो. वायेनातोचा अकॉर्डियन आपल्या जुन्या सिनेसंगीतातल्या पियानो-पट्ट्यांच्या अकॉर्डियनसारखा नसतो. उजव्या हाताला बटणांच्या तीन ओळी, मिळून ३१ बटणं, डाव्या हाताला १२. एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. त्या सारख्या उलटापालटीतून तो उड्या मारणारा, तुटक नाद येतो. नुसत्या बोटांचा तो खेळ नाही. पेटीवर तीच ओळ बोटं चिकटवून वाजवली की भजन होतं. प्रत्येक सुरानंतर बोट उचला, भाता मात्र एकसारखा ठेवा.

तिथं 'पाच अक्षरी' म्हणून ओळखला जाणारा अकॉर्डियन लोकप्रिय आहे. हे नाव त्याच्या तीन ओळींच्या जर्मन स्वरनावांवरून पडलं : बी, एस, आस, रोमन लिपीत मिळून पाच अक्षरं. जर्मन पद्धतीत बी म्हणजे कोमल बी. पेटीवर त्या तीन पट्ट्या होतात काळी पाच, काळी दोन आणि काळी चार. ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवायचं असेल तर आधी काळी पाच लावून बघा, नाही जुळलं तर काळी दोन. जुन्या चालींना दोन-तीन स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, पुरतात. सा-ग-प धरा, प्रश्न टाकणाऱ्या ओळीवर प-नी-रे-म, गरजेला म-ध-सा. गाणं कोमल गंधाराचं असेल तर धैवतही कोमल घ्या, पण पंचमावरच्या संघात निषाद शुद्धच ठेवा. म्हणजे कीरवाणीचे सूर झाले, आणि आपल्या कानाला ते लगेच ओळखीचे वाटतात.

मराठी गायक इथं दोन ठिकाणी घसरतो. एक, दुःखाचा मजकूर बघून लय पाडतो. लय पडली की जाबाची विनवणी होते. शब्द कितीही कडू असले तरी पासेओ चालता ठेवायचा. दुसरं, अर्थ कळला म्हणून प्रत्येक शब्दावर मुरकी घेतो. या चालींत एका अक्षराला साधारण एकच सूर असतो. ताणायचा तो ओळीच्या शेवटचा स्वर, आणि लगेच अकॉर्डियनला जागा द्यायची. अकॉर्डियनचा तो तुकडा म्हणजे ऐकणाऱ्या मंडळींचा हुंकार आहे. त्याच्यावर गात राहिलात तर साक्षीदार गप्प होतात.

काळानुसार ही गाणी बदलली तेही सांगायला हवं. एस्कालोनाच्या पिढीत माणसांची, गावांची नावं घेऊन गोष्ट सांगायची रीत होती. १९७० नंतर गुस्ताव्हो गुतिएरेससारख्या गीतकारांनी वायेनातो भावगीताकडं नेलं. गोष्ट मागं पडली, नुसती 'तू' उरली. १९९० च्या दशकातल्या रडव्या वायेनातोत तर पुरावाही उरला नाही, फक्त जखम. ती गाणी लोकांना फार आवडतात आणि त्यांच्या चाली गोड आहेत. पण कोणी, कुठं, कसं कळलं हे सगळं गेल्यावर जाबात जोर राहत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक गोष्ट खटकते. आपल्याकडं शाहीर पुरुष, पण लावणीतला आवाज बाईचा. दगा तिला झालेला असतो आणि बोलतेही तीच. वायेनातोत रचणारा पुरुष, गाणारा पुरुष, फसवला गेलेलाही पुरुषच. स्वतः चार घरं फिरणारा नायक एका प्रेयसीच्या खोटेपणावर तावातावानं बोलतो आणि तिला उत्तराचं कडवंच मिळत नाही. पिकेरियात समोरच्याला उत्तर द्यायचा हक्क असतो, प्रेमगीतात तो काढून घेतलाय. अर्थ लावताना ही गैरहजर बाजू समासात लिहून ठेवावी. तिचं म्हणणं काय असेल, याची कल्पना अनेकदा गाणाऱ्याच्याच ओळींतून येते. तो ज्या शपथा नाकारतोय त्या तिनं कुठल्या शब्दांत घेतल्या होत्या, तेवढं तरी गाण्यात असतं.

बाईचा आवाज ऐकायचा तर पात्रिसिआ तेरान ऐका. कार्ताहेनाची ही गायिका 'लास दिओसास देल वायेनातो' या बायकांच्या संचाबरोबर गायची आणि १९९५ मध्ये अपघातात गेली, तेव्हा पंचविशीत होती. रीता फेर्नान्देस ही गायिका-गीतकारही शोधून ऐकावी. सुरुवात मात्र 'ला गोता फ्रिआ'नं करा, आधी व्हिव्हेसचं, मग एमिलिआनो सुलेताच्या स्वतःच्या आवाजातलं जुनं. पहिल्यात गिटार आणि ड्रम आहेत, दुसऱ्यात जाब उघडा पडतो. मग फसवणुकीचं कुठलंही एक पासेओ घ्या, शब्द लिहून काढा, पुकारलेली नावं वेगळी करा, क्रियापदांखाली दोन रंगांच्या रेघा मारा, आणि पेटीवर काळी पाच धरून पहिल्या दोन ओळी बोटं उचलत वाजवून बघा.